तळ्याकाठचं गाऱ्हाणं

माझे बाबा एसटीत होते, आधी कंडक्टर आणि मग डेपोत कंट्रोलर. त्यांच्या लेखी जगात माणसांचे दोनच प्रकार होते, तिकीट काढलेली आणि न काढलेली. शाळेत असताना मी एकदा सवलतीचा पास घरी विसरले आणि नेमकी त्यांच्याच गाडीत चढले. त्यांनी मला खिडकीजवळची जागा करून दिली, दप्तर वरच्या फळीवर ठेवलं, आणि मग फुल तिकीट फाडून हातात दिलं. पैसे स्वतःच्या खिशातून काढून गाडीच्या बॅगेत टाकले. "पास घराक रवलो म्हणजे पास नाय," एवढंच म्हणाले. सगळी गाडी हसली. घरी जाऊन मी आईजवळ रडले, तर ती म्हणाली, तुझ्या बापसाला देवळातला प्रसाद फुकट घ्यायचीसुद्धा लाज वाटते, तू कोण लागून गेलीस.

त्या माणसाला मी बर्मिंगहॅममध्ये ठेवून घ्यायला निघाले होते, आणि तेही नियमात बसत नसताना.

मी इथल्या एका हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर आहे. आईवडिलांना मी एकटी. आई गेल्यावर सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या घरात बाबा एकटे उरले. रोज संध्याकाळी फोनवर "जेवलंय गो" म्हणायचे, आणि शेजारच्या काकूंना विचारलं की कळायचं, नुसती पेज. मग मी त्यांना व्हिजिटर व्हिसावर घेऊन आले, सहा महिन्यांसाठी. येताना त्यांनी बॅगेत कोकम, तिरफळं आणि पिवळ्या हिंगाचा डबा आणला. लेक डॉक्टर असली तरी तिच्या देशात हिंग मिळत असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता.

आता पुढचं. म्हाताऱ्या आईवडिलांना इथे कायमचं आणायचं, तर सिद्ध करावं लागतं की त्यांना स्वतःचं न्हाणं-खाणं जमत नाही, आणि त्यांच्याकडे बघणारं माणूस तिकडे पैसे टाकूनही मिळत नाही. मी डॉक्टर, म्हणजे मी पैसे पाठवू शकते, म्हणजे तिकडे माणूस ठेवता येतो, म्हणजे बाबांना इथे जागा नाही. आणि मी कफल्लक असते तर त्यांना पोसणार कशी, म्हणूनही जागा नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दिवसभर मी इथल्या लोकांच्या आईबापांना झोपवते, जागं करते, त्यांचा श्वास हातात धरून बसते. माझ्या बापाचं नाव काढलं की मात्र नियम पुढे. मला याचा राग यायचा, आणि अजून येतो. तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

लंडनमधल्या ईलिंगच्या एका वकीलबाईंनी एक फट दाखवली होती. नियमात बसत नसलं तरी नियमाबाहेरची विनंती करता येते. विशेष परिस्थिती म्हणून, दयाबुद्धीने. मिळेलच असं नाही, पण करता येते, आणि त्यासाठी बाबांची संमती हवी. मी हे सगळं बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"म्हणजे विदाउट तिकीट," ते म्हणाले.

"बाबा, तसा नाय हो."

"तसाच. तिकीट नाय, पण डोळ्यात पाणी आसा म्हणान गाडीत घ्या. मी असल्यांका किती जणांका उतरवलंय, ठाव आसा तुका?"

नवरा पुण्याचा, समजूतदार. तो म्हणाला, "अगं, फोर्स करू नकोस. लेट हिम सेटल. त्यांना इथे काहीतरी आवडू दे आधी." तोवर त्यांना इथलं काहीच आवडलेलं नव्हतं. टीव्हीतलं हवामान तेवढं ते लक्ष देऊन बघत.

मग त्यांना तळं सापडलं. आमच्या घरापासून चालत जाण्याजोग्या पार्कात एक तळं आहे. बदकं, कमळाची पानं, आणि काठावर छोटे छोटे लाकडी ओटे. त्या ओट्यांवर हिरव्या छत्र्या लावून माणसं तासन्‌तास गळ टाकून बसलेली. बाबा रोज सकाळ-संध्याकाळ तिथे जाऊन त्यांच्या मागे उभे राहायला लागले. गळाने मासे गरवणं हा त्यांचा आयुष्यभराचा नाद. ड्यूटी सुटली की खाकी शर्ट तसाच, आणि माणूस खाडीवर. पण लायसन नसल्याने त्यांनी इथे कधी गळाला हात लावला नाही. मी म्हटलं, ऑनलाइन काढून देते, दोन मिनिटांचं काम. तर म्हणाले, "पावन्यान शेजाऱ्याच्या विहिरीत कळशी घालू नये." आणि शिवाय मासे गोड्या पाण्यातले. खाडीच्या माणसाला गोड्या पाण्यातला मासा म्हणजे चिखल. तळ्यातले कार्प मासे बघून त्यांनी नाक मुरडलं, पण नजर काही हलत नव्हती.

आमच्या इथल्या मराठी मंडळाने त्या उन्हाळ्यात एक बेत काढला. नारळी पौर्णिमेच्या जवळचा शनिवार धरून तळ्यावर गळ टाकणाऱ्यांच्या अँगलिंग क्लबबरोबर कम्युनिटी फिशिंग डे. गळ, गरी, गांडुळं, सगळं क्लबाचं. माणसं आणि बटाटेवडे मंडळाचे. एरवी पोरंटोरं सोडली तर इथे प्रत्येकाला मासे धरायला लायसन लागतं. पण असा कार्यक्रम असला की आयोजक सगळ्यांसाठी मिळून आधी परवानगी काढून ठेवतात, आणि त्या दिवशी, त्या काठावर, कोणालाही वेगळं लायसन लागत नाही. मंडळाच्या व्हॉट्सॲपवर हे ठळक अक्षरांत आलं होतं. मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि मग विचारलं, "सरकारचो माणूस येतलो काय?"

आला होता. म्हणजे आली होती. मत्स्य खात्याची तरुण अधिकारी, हिरवं जाकीट, वर बांधलेले केस, हसरी. तिने सगळ्यांना गोळा करून समजावलं की आज तुम्ही आमचे पाहुणे, आज कोणाचं लायसन बघणार नाही. मासा ओल्या हातांनी धरा, फोटो काढा आणि हळूच परत पाण्यात सोडा. माझा नवरा बाबांना मराठीत सांगत होता. बाबा तिच्याकडे टक लावून बघत होते. डेपोत वरचा साहेब आला की बघायचे, तसे.

तिचं बोलणं संपलं आणि बाबा पुढे झाले. पिशवीतून नारळ काढला. आमच्याकडे असं काही सुरू करायचं तर आधी जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून रुकार द्यायचा. रुकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. गावात बाबा मानकरी नव्हते, त्यामुळे त्यांनी ते कधी घातलं नव्हतं. इथे कोणी मानकरीच नव्हता. त्यांनी मला हळूच विचारलं, "घालू काय गो?" मी अधिकारीबाईला म्हटलं, ही आमची छोटीशी प्रार्थना आहे. ती म्हणाली, अरे वा, मग आम्ही काय म्हणायचं? नवऱ्याने तिला ते दोन शब्द शिकवले. क्लबाचे म्हातारे गोरे अँगलरही टोप्या काढून उभे राहिले.

"बा तळ्याच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही सगळी लेकरां तुझ्या काठार जमली हत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सरकारान माफी केल्यान हा, आजपासून तुझां पाणी उघडां झालां म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझां चेडू दूरदेशात एकटां आसा, तेका सांबाळून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज त्या अधिकारीबाईचा होता. माझी मुलगी तिच्या शेजारी उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडत होती. मला मात्र शेवटच्या वाक्याला रुकार देता आला नाही. आईच्या माघारी त्यांनी माझ्याबद्दल असं मोठ्याने काही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. नारळ पाण्यात टाकायचा नाही असं अधिकारीबाईने आधीच सांगितलं होतं, मासे बिचकतात म्हणून. मग तो दगडावर फोडून खोबरं वाटलं. तिनेही एक तुकडा खाल्ला.

क्लबाची गांडुळं बाबांनी बाजूला सारली. घरून मळून आणलेला कणकेचा गोळा काढला, हिंग घातलेला. शेजारच्या ओट्यावरच्या गोऱ्या आजोबांनी वास घेतला आणि खोकत लांब सरकले. थोड्या वेळाने तेच आजोबा त्या गोळ्यातला तुकडा मागायला आले. दुपारी बाबांचा गळ असा काही वाकला की नवऱ्याने त्यांना मागून कमरेला धरलं. कार्प होता, सोनेरी, दोन हातांत न मावणारा. "आजोबा, मासा केवढी मोठी आहे!" असं मुलगी किंचाळली आणि मंडळाच्या समस्त मराठी शिक्षिका हसल्या. फोटोत बाबांचे सगळे दात दिसतात. त्यांचे दात दिसणारा आमच्या घरात दुसरा फोटो नाही.

मग तो सोडायचा.

"धरूचो आनि सोडूचो? मगे धरूचो कित्याक?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, इथे अशीच पद्धत आहे. ते क्षणभर विचारात पडले, मग मान हलवली, जणू काही उलगडलं असावं. गुडघ्यावर बसून त्यांनी मासा पाण्यात उतरवला आणि तो निघून गेल्यावर पाण्याला हात जोडले.

सगळ्यांत मोठ्या माशाचं बक्षीस त्यांना मिळालं, एक नवाकोरा गळ, घडीचा, कापडी पिशवीत घातलेला. अधिकारीबाईनेच तो त्यांच्या हातात दिला. फुकट मिळालेली वस्तू त्यांनी घेतली, कारण ती जिंकलेली होती. घरी येईपर्यंत पिशवी काखेत होती.

संध्याकाळी आम्ही मागच्या अंगणात बसलो होतो. मी फ्रोझन बांगड्याचं तिखलं केलं होतं. ते खाता खाता त्यांनी विचारलं, "ती वकीलबाई काय म्हणा होती? कागद कधी करूचे?"

मी हातातला घास तसाच धरला. "म्हणजे तुमी ऱ्हवशात?"

"रवान बघूया," ते म्हणाले. "पाणी बरां आसा हयसरचां."

मी आत जाऊन सिंकपाशी उभी राहिले आणि नळ सोडून रडले. इतकं बरं मला आई गेल्यापासून वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी उठले तर त्यांचा पलंग घडी घातल्यासारखा नीट, दार नुसतं ओढलेलं, आणि गळाची पिशवी नव्हती. उजाडून थोडाच वेळ झाला होता. मी ड्रेसिंग गाऊनवर कोट चढवला आणि पळत सुटले. कशाची भीती वाटत होती ते नीट सांगता येणार नाही. वय झालेलं, काठ ओला, एवढंच डोक्यात.

ते पडले नव्हते. कालच्याच ओट्यावर ताठ उभे होते. समोर तीच अधिकारीबाई, तेच हिरवं जाकीट. गवतावर नवा गळ, आणि पायाशी सुपरमार्केटची पिशवी. पिशवी हलत होती.

"बरां झालां इलंस," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा अजून निर्धास्त होता. "ह्या चेडवाक सांग, मी कालचो माणूस. ती काय विचारता ता माका कळना नाय."

ती लायसन विचारत होती. मी तिला सांगायला लागले, मग बाबांना विचारलं, मग परत तिला. त्यात मला हळूहळू कळत गेलं की बाबांच्या डोक्यात काय होतं. त्यांच्या दृष्टीने कालचा दिवस म्हणजे नारळी पौर्णिमाच. तोवर पाणी बंद असतं. मग सरकारचा माणूस येतो, नारळ फुटतो, गाऱ्हाणं होतं आणि पाणी उघडतं. पहिल्या दिवशी धरलेला मासा राखणदाराचा मान, म्हणून तो सोडायचा. दुसऱ्या दिवसापासून घरासाठी धरायचा. आणि हे सगळं त्यांनी मनाने ठरवलं नव्हतं. त्यांनी तळ्याकाठी उभं राहून मोठ्याने विचारलं होतं, "आजपासून पाणी उघडां झालां म्हाराजा," आणि रुकार मिळाला होता.

"हिणांच तर व्हय म्हटलान," बाबा म्हणाले. "सगळ्यांच्या देखत. तू आयकलंस मगे?"

मी ऐकलं होतं. अधिकारीबाईला हे कसं समजावायचं ते मला कळेना. मी एवढंच म्हटलं, त्यांना वाटलं की काल तुम्ही सगळ्यांसाठी कायमची परवानगी दिली. मग तिच्या तोंडावर जो आला, तो राग नव्हता. तिला वाईट वाटलं. ती म्हणाली, नाही हो सर, ती फक्त कालच्या कार्यक्रमापुरती होती. लायसनशिवाय गळ टाकणं गुन्हा आहे, आणि इथला मासा घरी नेणं हा वेगळा. मी ते बाबांना सांगितलं. शब्द मऊ करायचा प्रयत्न केला, पण गुन्हा या शब्दाला मऊ काही मिळालं नाही.

बाबांनी वाकून पिशवी उघडली. मासा जिवंत होता. त्यांनी तो पाण्यात सोडला, कालच्यासारखाच गुडघ्यावर बसून. उठताना मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि तिच्यापुढे उघडं धरलं. "दंड," ते म्हणाले. हा शब्द तिला कळला नाही, पाकीट कळलं. तिने दोन्ही हात वर केले. नाही नाही सर, काल आम्हीच गोंधळ केला असेल, मी काही लिहिणार नाही, तुम्ही घरी जा, ऑल गुड. तिने त्यांच्या दंडावर हलकेच थोपटलं. माझ्याकडे बघून म्हणाली, तुमचे वडील खूप गोड आहेत.

त्याहून वाईट ती काही करू शकली नसती, आणि तिने ते चांगुलपणाने केलं. मी तिच्यावर रागावू शकत नाही. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

घरी येताना बाबा माझ्या चार पावलं पुढे चालत होते. फाटकाशी थांबले. "माका सोडल्यान गो तिना," ते म्हणाले. "मी दंड देय होतंय. घेतल्यान नाय. म्हाताऱ्याक सोडल्यान." त्यांनी गळाची पिशवी दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवली. ती त्यांनी परत घरात आणली नाही. ते मासे कोणासाठी आणायला गेले होते, ते दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बघितल्यावर कळलं. वाटीत तिरफळं ठेचून ठेवली होती, कोकम भिजत घातलं होतं. चिखलातला म्हणून ज्या माशाला ते नाक मुरडत होते, तो त्यांना लेकीला बापसाच्या हातचा खाऊ घालायचा होता.

मी भांडले. त्या आठवड्यात मी त्यांच्याशी जेवढी भांडले तेवढी आयुष्यात भांडले नव्हते. एका माशासाठी असं कोणी करतं का, कोणाला कळलंय, कोणी लिहूनसुद्धा घेतलेलं नाही. ते ऐकून घेत. वकीलबाईंच्या फोनची वेळ ठरली होती. त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी येऊन बसले. मला वाटलं, आले ताळ्यावर. मी फोन लावायच्या आधी त्यांनी त्यावर हात ठेवला.

"एकदा सोडल्यानी माका," ते म्हणाले. "परत सोडा म्हणान मी सांगूचंय नाय."

"बाबा, हां तां न्हय. ह्यो वेगळो नियम."

"नियम वेगळो, माणूस तोच." मग जरा थांबून, "सगळ्या जन्मात मी कोणाक सोडूक नाय, बाय. तुकासुद्धा सोडूक नाय. आता माका कोणी सोडल्यान तर माझां काय ऱ्हवलां?"

मी वकीलबाईंना फोन लावला नाही. लोकांना वाटतं मी व्हिसाच्या नियमांवर चिडते. चिडतेच, पण माझ्या बापाचा नियम त्या सगळ्यांपेक्षा कडक होता, आणि त्याच्यापुढे कुठला वकील उभा करणार?

उरलेले दिवस त्यांनी तळं टाळलं. फिरायला जायचे ते मोठ्या रस्त्याने, बसच्या स्टॉपपर्यंत, आणि गाड्या वेळेवर येतात का ते बघत उभे राहायचे. सहा महिने पुरे व्हायच्या आत ते गावी परत निघाले. एअरपोर्टवर मुलगी गळ्यात पडली, नवरा पाया पडला. आपल्याकडे निघताना "जातो" म्हणत नाहीत, "येतो" म्हणतात. मरणाच्या दारातला माणूसही "येतो" म्हणतो. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जातंय गो." खोटं त्यांना जमत नसे.

हिवाळ्यात शेजारच्या काकूंचा फोन आला, तेव्हा मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. टेबलावर कोणाचे तरी वडील होते. फोन लॉकरमध्ये वाजून वाजून थांबला. संध्याकाळी न्हाणीघरात बाबांचा पाय घसरला होता. सकाळी चुलीचा धूर दिसला नाही म्हणून काकू बघायला गेल्या. मांडीचं हाड मोडल्यावर थंड लादीवर म्हाताऱ्या माणसाचं काय काय होतं, कशा क्रमाने होतं, हे मला माहीत आहे. माहीत नसतं तर मी आज जरा जास्त झोपले असते. मी पोचेपर्यंत देह ठेवायची गावात सोय नव्हती, लगेचच्या विमानात जागा नव्हती, भावकीतल्या एकाने अग्नी दिला. मी ते हॉस्पिटलच्या चेंजिंग रूममध्ये, अंगात थिएटरचे निळे कपडे, फोनवर बघितलं. सिग्नल जात होता. न्हाणं स्वतःचं स्वतः जमतं म्हणून ज्यांना इथे जागा नव्हती, ते न्हाणीघरातच गेले.

यंदा मंडळाचा फिशिंग डे परत आला. तोच मेसेज, तीच ठळक अक्षरं, लायसनची गरज नाही. नवरा म्हणाला, "नको जाऊस. यू डोंट हॅव टू." मी त्याआधीच लायसन काढून ठेवलं होतं. लागणार नव्हतं, तरी पुरे पैसे भरून. गळाची पिशवी अजून दाराबाहेरच होती, ओलीने बुरशी धरलेली. ती घेतली, कणीक मळली, हिंग घातला, एक नारळ घेतला.

तळ्यावर अधिकारीबाई तीच. मला बघून हात हलवत आली. बाबा कुठे आहेत, यंदा नाही आले? मी सांगितलं. तिचा हलवता हात खाली आला. मग म्हणाली, त्यांनी माझ्यापुढे पाकीट उघडं धरलं होतं. माझ्या नोकरीत दुसरं कोणी तसं केलेलं नाही. मला पुष्कळदा वाटतं, घ्यायला हवा होता का? मी तिला लायसन दाखवलं. तिने ते वाचलं, अगदी नीट, नाव-तारखेसकट, आणि मान हलवून परत दिलं. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

गाऱ्हाणं कोण घालणार? मंडळात कोणाला येत नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, तुम्हीच घाला, इट्स युअर ट्रॅडिशन." आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. पण बाबाही मानकरी नव्हतेच. मी नारळ हातात घेऊन ओट्यावर उभी राहिले.

"बा तळ्याच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"गेल्या वर्सा एक म्हातारो तुझ्या काठार इललो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चुकान तुझो मासो धरल्यान, तां पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता आवाज कमी झाले होते.

"तेका ठेवन घेवक आमका जमलां नाय. तू तेका ठेवन घे म्हाराजा!"

कोणी काही बोललं नाही. ज्यांना मराठी कळत होतं त्यांनी माना खाली घातल्या. नवरा तोंडावर हात धरून उभा होता. रुकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, आणि ते वाक्य मला परत म्हणणं शक्य नव्हतं. तेव्हा हिरव्या जाकिटातली ती बाई, जिला यातला एक शब्दही कळला नव्हता, आता आपली पाळी आहे एवढंच जिला ठाऊक होतं, ती एकटीच मोठ्याने म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

माझ्या बापाला ठेवून घ्याल का, या माझ्या मागण्याला या देशाच्या सरकारी माणसाने दिलेला होकार तेवढाच.